जंतू मेले, तरी पेशंट का बिघडतो? (सेप्सिसबद्दल थोडं सविस्तर)

वैनगंगा
१३ सप्टेंबर, रात्री ९.१०

मागच्या महिन्यात एका रात्री पावणेदोनला आयसीयूच्या दाराशी एका काकांनी मला थांबवलं. उमरेडकडचे शेतकरी, तीन दिवसांपासून त्याच बाकावर मुक्काम. माझ्या हातात बर्फाचा डबा होता आणि त्यात त्यांच्याच मुलाच्या रक्ताची जांभळ्या झाकणाची नळी. ते म्हणाले, "ताई, तपासणीत जंतू नाही निघाला म्हणते डॉक्टर. जंतूच नाही तं मग माह्या पोराचा बीपी काहून पडून राहिला?"

मी डॉक्टर नाही. मायक्रोबायॉलॉजीत एमएस्सी केलं आणि आता इथेच नागपुरात सेप्सिसच्या एका संशोधन प्रकल्पात पीएचडी करते आहे. गंभीर इन्फेक्शन झालं की शरीराची प्रतिकारशक्ती दिवसागणिक कशी बदलते, हा माझा विषय. त्या रात्री काकांना मी दोन-तीन वाक्यांत काहीतरी सांगितलं आणि ते त्यांच्यापर्यंत पोचलं नाही हे मला समोर दिसलं. मुलगा वाचला, अकराव्या दिवशी वॉर्डात गेला. पण त्यांचा प्रश्न माझ्याकडे राहिला आहे. आज जागतिक सेप्सिस दिन, म्हणून उत्तर लिहायला बसले.

हा शब्द आपल्या घरात सरळ येत नाही. "रक्तात इन्फेक्शन पसरलं", "सेप्टिक झालं", "एकेक अवयव बंद पडत गेला" असा येतो. निमोनिया, लघवीचं इन्फेक्शन, पायाची जखम, बाळंतपण, फुटलेलं अपेंडिक्स, सुरुवात कुठूनही होऊ शकते. २०१७ या एका वर्षात जगभरात ४ कोटी ८९ लाख लोकांना सेप्सिस झाला आणि १ कोटी १० लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. म्हणजे जगातल्या दर पाच मृत्यूंमधला एक. मृत्यूच्या दाखल्यावर मात्र बहुतेकदा निमोनिया नाहीतर किडनी फेल एवढंच लिहिलेलं असतं.

डॉक्टरांनी २०१६ साली याची व्याख्या नव्याने लिहिली. तिचा गाभा असा: इन्फेक्शनला शरीराने दिलेलं उत्तर ताळ्यावर राहत नाही, त्यातून अवयव निकामी होतात आणि जीव धोक्यात येतो. व्याख्येत जंतूपेक्षा शरीराच्या उत्तराला जास्त जागा आहे. काकांचा प्रश्न इथेच सुटतो.

नेहमीच्या इन्फेक्शनमध्ये काय होतं ते आधी बघू. बोटात काटा मोडला. आत गेलेल्या जंतूंच्या अंगावरच्या काही खुणा आपल्या पेशी ओळखतात. ओळखणारे हे रेणू नेमके कोणते, हा शोध फार जुना नाही. जंतूच्या आवरणातलं विष, म्हणजे एंडोटॉक्सिन, १८९२ च्या सुमारास रिचर्ड फायफर यांनी कॉलऱ्याच्या जंतूवर काम करताना दाखवलं. ते ओळखणारा टीएलआर-४ हा रेणू सापडायला मात्र १९९८ उजाडलं. ब्रूस ब्यूटलर यांना त्यासाठी २०११ चं नोबेल मिळालं. खूण पटली की पेशी टीएनएफ, इंटरल्युकिन अशी रसायनं सोडतात. ही रसायनं म्हणजे निरोपे. त्या जागच्या रक्तवाहिन्यांना ते सांगतात, जरा सैल व्हा, पांढऱ्या पेशींना बाहेर येऊ द्या. म्हणून बोट लाल होतं, सुजतं, ठणकतं. चार दिवसांनी बरं होतं.

सेप्सिसमध्ये हेच बोटापुरतं न राहता अंगभर होतं. सगळ्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात आणि झिरपायला लागतात. घरात भिंतीतला पाइप गळायला लागला की काय होतं ते आठवा. नळाला धार नसते आणि भिंत फुगत जाते. पेशंटचा बीपी पडतो, लघवी होत नाही आणि हातपाय, चेहरा मात्र सुजलेला. नातेवाईक विचारतात, इतक्या सलाईन लावल्या त्या गेल्या कुठे? भिंतीत गेल्या. त्याच वेळी बारीक वाहिन्यांमध्ये रक्ताच्या गुठळ्या होतात, किडनी-मेंदूला प्राणवायू पोचत नाही आणि पेशींमधली ऊर्जेची यंत्रणाही बिघडते. अँटिबायोटिकने जंतू मारले तरी सुटलेले निरोप मागे घेता येत नाहीत. तुटलेल्या पेशींमधून जे बाहेर पडतं ते स्वतःच धोक्याची नवी खूण ठरतं, आणि पेशी पुन्हा तेच निरोप सोडत बसतात.

म्हणजे, काका, जंतू होता. कदाचित मेला असेल, कदाचित फुप्फुसात असेल आणि रक्तात उतरला नसेल. तुमच्या मुलाचा बीपी त्याच्याच शरीराच्या उत्तराने पडत होता.

इथवर वाचून कुणालाही वाटेल, की मग ते उत्तर दाबून टाका! शास्त्रज्ञांनाही तेच वाटलं होतं. १९८७ साली केविन ट्रेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बबून माकडांना टीएनएफविरोधी अँटिबॉडी दिली आणि मग रक्तात ई-कोलाय जंतू सोडले. माकडं वाचली. केवढी आशा निर्माण झाली असेल. नव्वदच्या दशकात एकामागून एक औषधं माणसांवर तपासली गेली आणि एकामागून एक पडली. टीएनएफ शोषून घेणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत तर जास्त डोस मिळालेल्या गटात मृत्यू वाढले. २००१ साली सेप्सिससाठी एक औषध बाजारात आलंही, आणि २०११ मध्ये उपयोग होत नाही म्हणून कंपनीने ते मागे घेतलं.

कारणं हळूहळू उलगडत आहेत. माकडांना अँटिबॉडी जंतूच्या आधी दिली होती. आपला पेशंट मात्र गावातून तालुक्याला आणि तालुक्यातून नागपूरला येईपर्यंत दोन-तीन दिवस उलटलेले असतात. उंदरांवर भरवसा ठेवला, तर उंदीर एंडोटॉक्सिनचे जे डोस पचवतो त्याच्या कितीतरी पट कमी डोसाने माणूस तापाने फणफणतो. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे पेशंटमधली प्रतिकारशक्ती कायम भडकलेली नसते. २०११ साली अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या संशोधकांनी सेप्सिसने गेलेल्या ४० जणांच्या प्लीहा आणि फुप्फुसांचे तुकडे मृत्यूनंतर तीन तासांच्या आत, नातेवाइकांच्या परवानगीने, घेऊन तपासले. त्या पेशी थकलेल्या होत्या. डिवचलं तरी निरोपे सोडत नव्हत्या, आणि कितीतरी लढाऊ पेशी मेलेल्या होत्या. म्हणजे भडका आणि थकवा, दोन्ही एकाच माणसात, कधी एकाच वेळी. पहिल्या इन्फेक्शनमधून तरलेला माणूस तिसऱ्या आठवड्यात एरवी निरुपद्रवी असणाऱ्या जंतूने जातो, तो यामुळे. थकलेल्या माणसाला आणखी दाबणारं औषध दिलं तर काय होणार!

आमचं काम एवढंच आहे: हा पेशंट आज, या क्षणी, भडकलेला आहे की थकलेला, हे रक्तावरून ओळखता येईल का? मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी जंतूचा तुकडा जणू पाटावर मांडून इतर पेशींना दाखवतात. त्या पाटाचं नाव एचएलए-डीआर. थकलेल्या माणसात पाट कमी होतात. ते मोजायचे तर नळी तासा-दोन तासांत मशीनपर्यंत पोचली पाहिजे आणि तोवर बर्फात राहिली पाहिजे. नुसती टेबलावर राहिली तर आकडा आपोआप चढतो आणि खोटं सांगतो. म्हणून रात्री पावणेदोनला डबा घेऊन पळायचं.

प्रश्न असतील तर विचारा. घरात कुणाला झालं असेल तर तेही लिहा, फक्त दवाखान्यांची नावं नकोत.

---

सदाफुली
१३ सप्टेंबर, रात्री ९.५२

भिंतीतला पाइप! सासूबाईंच्या वेळी डॉक्टर दहा वेळा सांगत होते आणि मला आज कळलं. त्यांचे हात इतके सुजले होते की बांगड्या कापून काढाव्या लागल्या.

---

काटोलकर
१३ सप्टेंबर, रात्री १०.२०

ताई, तुम्ही लिहिलं ते वाचून काकाजीचं सगळं आठवलं. आमच्याकडं संत्र्याची बाग आहे. मृग बहाराच्या वेळेस काकाजीच्या पायाला खिळा लागला. शुगर होती त्यायले. गावातल्या डॉक्टरनं तीन दिवस रोज एक इंजेक्शन देल्लं, ताप उतरे अन् पुन्हा चढे. चौथ्या दिवशी ते बाईच्या नावानं मले हाक मारून राहिले होते. आम्ही म्हटलं तापात बरळून राहिले. संध्याकाळी नागपूरले आणलं. तिथं म्हणे उशीर झाला. सहा दिवसांनी गेले.

माहा प्रश्न एकच आहे. त्या बरळण्याच्या सकाळीच आणलं असतं तं?

---

वैनगंगा
१३ सप्टेंबर, रात्री १०.४८

काटोलकर दादा, एका माणसाबद्दल "वाचले असते" किंवा "नसते वाचले" असं कुणीच सांगू शकत नाही, मीही नाही सांगणार. तुम्ही त्यांना त्याच दिवशी घेऊन आलात.

पण इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी लिहिते. माणूस अचानक बरळायला लागणं, ओळख विसरणं, नुसतं झोपून राहणं, ही सेप्सिसची खूण असू शकते. ताप नसला तरी. म्हाताऱ्या माणसांत तर कधी कधी ताप येतच नाही, उलट अंग गार पडतं. मेंदू हा सगळ्यात आधी तक्रार करणाऱ्या अवयवांपैकी एक आहे. सोबत श्वास जोरात चालणं, लघवी कमी होणं, हातपाय गार आणि चट्टेपट्टे पडलेले, यातलं काही असेल तर उद्याची वाट बघू नका.

---

अंबाझरी
१४ सप्टेंबर, सकाळी ७.३५

उत्तम लेख. एक शंका आहे. मग आधीपासूनच प्रतिकारशक्ती वाढवून ठेवली तर? कोविडनंतर आमच्या घरी रोज काढा, शिवाय एक पावडर चालू आहे. डब्यावर "इम्युनिटी" लिहिलेलं आहे. त्याने सेप्सिस टळेल का?

---

वैनगंगा
१४ सप्टेंबर, सकाळी ८.४०

अंबाझरी काका, सकाळचा काढा आवडत असेल तर जरूर घ्या. पण डब्यावरच्या त्या शब्दाचा मला मनापासून राग आहे, कारण तो लोकांना चुकीचं चित्र देतो. प्रतिकारशक्ती म्हणजे रेडिओचं बटण नाही, की वाढवलं म्हणजे चांगलं. कितीतरी प्रकारच्या पेशी आणि निरोपे आहेत आणि त्यातले पुष्कळ तर "आता पुरे" हे सांगण्यासाठीच असतात. सेप्सिसमध्ये नेमका हा तोल जातो.

कोविडचंच उदाहरण घ्या. २०२१ च्या एप्रिलमध्ये आपल्या शहराने काय पाहिलं ते कुणाला सांगायला नको. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, इंग्लंडच्या रिकव्हरी चाचणीचा निकाल आला होता. डेक्सामेथासोन हे जुनं, स्वस्त स्टेरॉइड. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यूचं प्रमाण ४१.४ टक्क्यांवरून २९.३ वर आलं. ऑक्सिजनवर असलेल्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागतच नव्हता त्यांच्यात फायदा काही दिसला नाही, उलट औषध घेतलेल्यांत १७.८ टक्के गेले आणि न घेतलेल्यांत १४. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकतो, पण मदत झाली नाही हे नक्की. औषध तेच, डोस तोच. फक्त माणूस आजाराच्या कुठल्या टप्प्यावर आहे एवढाच फरक. तरी त्या लाटेत लोक घरीच, ताप आला की पहिल्या दिवसापासून ही गोळी घेत होते. मी तेव्हा एमएस्सीला होते. माझ्या ओळखीतल्या तीन घरांत हे झालं.

सेप्सिस टाळण्यासाठी काय करता येतं? शुगर आटोक्यात ठेवणं, पायाची जखम रोज बघणं, लसी, हात धुणं, आणि सर्दीला अँटिबायोटिक न घेणं. यातलं काहीच डब्यात मिळत नाही.

---

रात्रपाळी
१४ सप्टेंबर, दुपारी ३.१५

मी मेडिसिनचा रेसिडेंट, विदर्भातल्याच एका सरकारी रुग्णालयात. लेख चांगला आहे, पण दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

एक. "जंतू निघाला नाही" याचं अजून एक कारण आपल्या भागात फार महत्त्वाचं आहे आणि ते तुम्ही लिहिलंच नाही. काही जंतू कल्चरच्या, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून बघायच्या, बाटलीत वाढतच नाहीत. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आजूबाजूच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसचे रुग्ण आले होते, आठवत असेल. गवता-झुडपांतल्या माइट या बारीक किड्याच्या पिल्लाच्या चाव्यातून तो होतो. जंतू पेशीच्या आत राहतो. नेहमीचं कल्चर निगेटिव्हच येणार, आणि आपण सवयीने जे सेफ्ट्रिॲक्सोन लावतो ते त्याच्यावर चालत नाही. डॉक्सिसायक्लिन चालतं, आणि ते काही महाग औषध नाही. शेतात काम करणारा माणूस, पाच-सहा दिवसांचा ताप, प्लेटलेट कमी, लिव्हरचे आकडे वाढलेले, तर कपडे काढून पूर्ण अंग बघा. काखेत, जांघेत, कमरेच्या पट्ट्याखाली, स्तनाखाली. सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर निदान तिथेच झालं. खपली दुखत नाही, त्यामुळे पेशंट स्वतःहून सांगत नाही. ती प्रत्येकात असतेच असंही नाही.

दोन. मोनोसाइटवरचे पाट मोजणं उत्तम, पण माझ्या वॉर्डात लोक त्यामुळे वाचत नाहीत. वाचतात ते पहिल्या तासाभरात कल्चर घेऊन अँटिबायोटिक सुरू झालं म्हणून, सलाईन वेळेत गेली म्हणून, पू असेल तर तो काढला म्हणून आणि सिस्टरने दर तासाला बीपी-लघवी लिहून ठेवली म्हणून. शॉकमध्ये, म्हणजे बीपी फारच पडलेल्या अवस्थेत, असलेल्या रुग्णाला योग्य अँटिबायोटिक मिळायला जो प्रत्येक तास उशीर होतो त्यात जगण्याची शक्यता सरासरी साडेसात टक्क्यांनी घटते, असं २००६ च्या एका मोठ्या पाहणीत दिसलं होतं. पैसा आणि माणसं मर्यादित असतील तर ती आधी कुठे लावायची? हा प्रश्न मी चिडून विचारत नाही. मला खरंच उत्तर हवं आहे.

---

वैनगंगा
१४ सप्टेंबर, सायंकाळी ६.०५

डॉक्टर, पहिला मुद्दा पूर्ण मान्य. स्क्रब टायफस राहून गेला, ही माझ्या लेखातली मोठी उणीव आहे. तुमच्या प्रतिसादासाठी मी वर लेखातच एक ओळ टाकायला संपादकांना सांगते.

दुसऱ्याबद्दल. आधी कुठे, तर आधी तुमच्या वॉर्डात. यावर माझं दुमत नाही. पण तुम्ही सगळं वेळेवर करूनही जे पेशंट दहाव्या-पंधराव्या दिवशी जातात ते तुम्हीही बघता. अँटिबायोटिक बरोबर, जंतू गेला, बीपी सावरला, आणि मग व्हेंटिलेटरवर दुसराच जंतू. त्यांच्यासाठी सध्या आपल्याकडे वाट बघण्यापलीकडे फार काही नाही. थकलेल्या पेशींना जागं करणारी औषधं तपासली जात आहेत. इंटरल्युकिन-७ दिल्यावर घटलेल्या लिम्फोसाइट या लढाऊ पेशी पुन्हा वाढल्या, हे २०१८ मधल्या छोट्या चाचणीत दिसलं. जीव वाचतो का, हे त्या चाचणीतून कळण्यासारखं नव्हतं. अशी औषधं भडकलेल्या माणसाला देऊन चालणार नाही, म्हणून आधी ओळखायची चाचणी लागते. नव्वदच्या दशकात नेमकं हेच झालं नाही, सगळ्यांना एकाच रांगेत उभं केलं.

आणि संशोधन म्हणजे नेहमी महागडं मशीनच, असंही नाही. बाळंतपणाच्या कळा सुरू असताना आईला ॲझिथ्रोमायसिनचा तोंडाने एकच दोन ग्रॅमचा डोस दिला तर काय होतं, याची चाचणी सात देशांत २९ हजारांवर स्त्रियांवर झाली. २०२३ साली निकाल आला: आईला सेप्सिस किंवा मृत्यू, हे प्रमाण २.४ टक्क्यांवरून १.६ वर आलं. बाळांच्या सेप्सिसमध्ये फरक पडला नाही, हेही त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारतातली केंद्रं बेळगाव आणि नागपूर होती. इथलं काम लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने केलं. आपल्या भागातल्या बायांनी त्या फॉर्मवर सही केली म्हणून जगाला हे कळलं.

---

रात्रपाळी
१४ सप्टेंबर, रात्री ११.४०

दहाव्या-पंधराव्या दिवसाचं बरोबर आहे. या आठवड्यातच एक गेला. पटलं.

---

निळी छत्री
१५ सप्टेंबर, सकाळी ११.०२

माझी मुलगी सात वर्षांची आहे, सिकलसेल एसएस. भंडाऱ्याचे आहोत, आता नागपुरात. तिला ताप आला की बालरोगतज्ज्ञ लगेच घेऊन या म्हणतात, रात्री दोन वाजतासुद्धा. घरचे म्हणतात, ताप सगळ्याच पोरांना येतो, मी उगाच घाबरते. तुमच्या लेखात प्लीहा आला म्हणून विचारते, याचा काही संबंध आहे का?

---

वैनगंगा
१५ सप्टेंबर, दुपारी १.२०

ताई, थेट संबंध आहे, आणि तुम्ही उगाच घाबरत नाही. घरच्यांना हा प्रतिसाद वाचून दाखवा.

प्लीहा म्हणजे रक्ताची गाळणी. न्यूमोकॉकससारख्या जंतूंवर साखरेचं जाड आवरण असतं. ते रक्तातून टिपून काढायचं काम मुख्यतः प्लीहेचं. सिकलसेलमध्ये विळ्यासारख्या पेशी प्लीहेच्या बारीक वाहिन्यांत अडकत राहतात आणि लहानपणीच तिचं काम बंद पडत जातं. मग साधा वाटणारा ताप काही तासांत सेप्सिस होऊ शकतो. इतर मुलांसाठी जो "उद्या बघू" असतो तो तुमच्या मुलीसाठी नसतो.

चांगली बाजू अशी की यावर उपाय माहीत आहेत. लहान सिकलसेल मुलांना रोज पेनिसिलिन दिल्यावर न्यूमोकॉकसचं गंभीर इन्फेक्शन ८४ टक्क्यांनी घटलं, हे अमेरिकेतल्या चाचणीत १९८६ साली सिद्ध झालं. फरक एवढा ठळक होता की चाचणी मुदतीआधी थांबवून सगळ्याच मुलांना औषध दिलं. शिवाय न्यूमोकॉकसची लस आता देशभर सरकारी लसीकरणात आहे. पण ती २०२१ मध्ये सर्वत्र आली, तुमची मुलगी त्याआधीची असू शकते. तिची कोणती लस झाली आहे, कोणती राहिली आहे आणि पेनिसिलिन किती वयापर्यंत, हे तिच्या डॉक्टरांना याच आठवड्यात विचाराल का? आणि एका कागदावर "सिकलसेल एसएस, ताप, तातडी" असं लिहून फाइलच्या पहिल्या पानावर लावा. रात्री दोनला नव्या डॉक्टरला सगळं सांगत बसावं लागणार नाही.

---

निळी छत्री
१५ सप्टेंबर, दुपारी १.५५

लावला कागद. लसीचं कार्ड काढून ठेवलं आहे, सोमवारी जाते.

---

मुक्काम पुणे
१५ सप्टेंबर, रात्री ८.३०

मूळचा नागपूरचा, प्रतापनगर. तीन वर्षांपूर्वी वडील आयसीयूत असताना एक मुलगी असाच फॉर्म घेऊन आली होती. मी नाही म्हणालो. तिच्यावर ओरडलोही. त्यांचं रक्त दिवसातून चार वेळा काढत होते, आणि आता ही वर अजून मागते, असं झालं. ती "ठीक आहे दादा" म्हणून गेली. वडील वारले. हा धागा कालपासून तीन वेळा वाचला. ती तुम्ही नसालही. तरी क्षमा मागतो.

---

वैनगंगा
१५ सप्टेंबर, रात्री ९.२५

दादा, क्षमा मागू नका. नाही म्हणण्याचा हक्क त्या फॉर्मवरच छापलेला असतो. नाही म्हटल्याने उपचारात काही फरक पडणार नाही, हेही मराठीत आणि हिंदीत लिहिलेलं असतं. पेशंट बेशुद्ध असेल तर नातेवाइकाला विचारतात आणि तो शुद्धीवर आल्यावर त्याला स्वतःला पुन्हा विचारतात. नको म्हणाला तर तिथे थांबतात. हे नियम लोकांचा आमच्यावर विश्वास राहावा म्हणून आहेत आणि मला ते प्रिय आहेत.

काय होतं तेवढं सांगते. आम्ही दोन-तीन चमचे रक्त घेतो, शक्यतो डॉक्टरांच्या तपासणीसाठी सुई टोचलेलीच असते तेव्हा. नळीवर नाव नसतं, नंबर असतो. काही पेशींची तपासणी त्याच रात्री होते, उरलेलं उणे ८० अंशांच्या फ्रीजरमध्ये. आमच्या तपासणीचा रिपोर्ट घरच्यांना मिळत नाही, आणि हे सांगणं मला सगळ्यात जड जातं. लोक विचारतात, "ताई, काय आलं?" त्यांच्या माणसासाठी त्यातून काहीच येणार नसतं. जे येईल ते पुढच्या कुणासाठी. अशा अवस्थेत, त्या बाकावर बसून, तरीही हो म्हणणारी माणसं मी रोज बघते. उमरेडचे काका त्यातलेच. सही करता येत नव्हती, अंगठा दिला. आधी त्यांनी साक्षीदाराकडून सगळा फॉर्म दोनदा वाचून घेतला.

---

जुनी सिस्टर
१६ सप्टेंबर, सकाळी ६.१५

मी निवृत्त परिचारिका, चौतीस वर्षं नोकरी झाली, त्यातली बरीच गडचिरोली-चंद्रपूरकडे. मुली, छान लिहिलंस. बाळांबद्दल मात्र कुणी बोललं नाही, म्हणून लिहिते.

नव्या जन्मलेल्या बाळाची प्रतिकारशक्ती अजून शिकायचीच असते, त्यामुळे त्याला सेप्सिस चटकन होतो आणि तो मोठ्यांसारखा दिसत नाही. आमच्या वेळी गावात म्हणत, बाळ "गळून गेलं", नाहीतर बाहेरचं काही झालं. दवाखाना चाळीस किलोमीटरवर, मध्ये नदी. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवलं. बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, सेप्सिसच्या खुणा ओळखायच्या आणि दवाखान्यात नेता येत नसेल तर घरीच जेंटामायसिनचं इंजेक्शन द्यायचं. तेव्हा पुष्कळांनी नाकं मुरडली होती की कमी शिकलेल्या बायांच्या हाती सुई देता? १९९९ साली लॅन्सेटमध्ये निकाल आला. सेप्सिस झालेल्या बाळांतली मृत्यूची टक्केवारी १६.६ वरून २.८ वर आली होती, आणि नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. पुढे २०११ पासून आशाताईंनी घरी जाऊन बाळ बघण्याचं काम देशभर सुरू झालं, त्याचं मूळ तिथे आहे.

खुणा सोप्या आहेत. दूध ओढणारं बाळ ओढेनासं झालं. रडणं मंद झालं किंवा थांबलं. हातपाय लुळे पडले. हात लावला तर गार किंवा फार गरम. छाती आत ओढली जाते. नाळेतून पू येतो. मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास. यातलं काहीही दिसलं तर आज बऱ्याच ठिकाणी रस्ते आहेत, १०८ आहे, बाळ घेऊन निघायचं.

---

सदाफुली
१६ सप्टेंबर, सकाळी ९.४०

सिस्टर, माझ्या भावजयीचं बाळ बारा दिवसांचं आहे, नागपुरातच महाल भागात असते ती. श्वास नेमके मोजायचे कसे? मी काल मोजायला गेले तर कधी भरभर येतात, कधी थांबल्यासारखे वाटतात.

---

जुनी सिस्टर
१६ सप्टेंबर, सकाळी १०.०५

नव्या बाळाचे श्वास असेच येतात, कधी भरभर, कधी दोन-चार सेकंद थांबून. म्हणूनच अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, पूर्ण एक मिनिट मोजायचं. बाळ शांत असताना किंवा झोपलेलं असताना. रडत असेल, दूध पीत असेल तर थांब. झबलं वर कर, पोटाकडे बघ, छातीकडे नाही. पोट एकदा वर आलं की एक. घड्याळ दुसऱ्या कुणाच्या हातात दे आणि तिला "झालं" म्हणू दे, म्हणजे तुझी नजर बाळावरून हलणार नाही. साठ किंवा वर आले तर बाळाला शांत करून लगेच पुन्हा पूर्ण मिनिट मोज. दुसऱ्यांदाही साठ किंवा वर आले तर कुणाला विचारत बसू नको, निघ. आणि श्वास थांबला तो वीस सेकंद झाले तरी आला नाही, किंवा बाळ निळं पडलं, तर मोजायचंच नाही, तळव्यावर हलकेच टिचकी मारत १०८ ला फोन.

आज संध्याकाळी मोज आणि आकडा इथे लिही. मी बघते.

---

सदाफुली
१६ सप्टेंबर, सायंकाळी ७.१८

४६. दूध व्यवस्थित ओढतंय, आत्ता माझ्या मांडीवर आहे.